मोठे दुकान आवरत आले आहे: तेथील हत्यारे आत्ता घ्यावीत की थांबावे?

नवा पाथर्डीकर (प्रश्न)

नमस्कार. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या नव्या घरात आम्ही मागील महिन्यात राहायला आलो. पडद्यांच्या दांड्या, गळके नळ, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या आणि मुलीच्या सायकलीचा सैल झालेला स्टँड अशी कामे रोज निघतात. प्रत्येक वेळी माणूस बोलावणे परवडत नाही आणि बोलावलेला माणूस "उद्या येतो" म्हणतो, तो उद्या कोणत्या आठवड्यातला हेही कळत नाही. त्यामुळे घरात हत्यारांची एक बऱ्यापैकी पेटी असावी असे ठरवले असून त्यासाठी ४,००० रुपये बाजूला ठेवले आहेत.

शहरातील एका बहुमजली मोठ्या दुकानाची अवस्था गेले काही महिने बरी दिसत नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही. वरचा मजला दोरी बांधून बंद केला आहे, सरकता जिना थांबलेला आहे, आणि कपडे, भांडी, खेळणी असे सगळे एकाच मजल्यावर दाटीवाटीने आणून ठेवले आहे. त्याच गर्दीत हत्यारांची एक लांब रांग असून तिच्यावर "सरसकट ४० टक्के सूट" अशी पाटी लावली आहे. चांगल्या कंपनीचा १२ पान्यांचा संच छापील २,४०० रुपयांचा असून तो १,४४० रुपयांना मिळतो आहे. याशिवाय आठ इंची पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सॉकेटचा (बोल्टच्या डोक्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्यांचा) संच, पाणसळ (स्पिरिट लेव्हल), मेजर टेप, बोल्ट ठरावीक जोराने आवळण्यासाठीचा एक टॉर्क पाना आणि दुकानाच्या स्वतःच्या नावाची हातोडी हेही तेथे आहे.

माझे प्रश्न असे आहेत. ही ४० टक्के सूट खरी मानावी का? थोडे थांबल्यास ती ६० किंवा ७० टक्क्यांपर्यंत जाईल का? आणि हत्यारातले फारसे न कळणाऱ्या माणसाने घेताना नेमके काय पाहावे? कार्यालयाने दिवाळीत दिलेले याच दुकानाचे १,५०० रुपयांचे भेटकार्ड माझ्याकडे आहे. त्याची मुदत पुढील वर्षापर्यंत आहे, म्हणून ते सध्या राखून ठेवले आहे.

रविवार कारंजा

प्रथम हे सांगतो की माझे स्वतःचे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. त्यामुळे मोठ्या दुकानाविषयीचे माझे मत आपण चाळणीतून गाळूनच घ्यावे.

आपल्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मी सर्वांत आधी घेतो, कारण घाई फक्त तेथेच आहे. भेटकार्ड राखून ठेवू नका; उद्याच वापरा. भेटकार्ड म्हणजे आपण, किंवा आपल्या कार्यालयाने, त्या दुकानाला आगाऊ दिलेले पैसे. दुकान चालू आहे तोवर त्या कार्डावर माल मिळतो. एकदा शटर खाली आले आणि प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले की तारण घेऊन बसलेल्या बँका पुढे राहतात आणि कार्डधारक ग्राहक विनातारण घेणेकऱ्यांच्या रांगेत अगदी मागे उभा राहतो. कार्डावर पुढील वर्षाची तारीख छापलेली असली तरी ती तारीख दुकानाने दिलेली आहे, आणि आता प्रश्न दुकानाचाच आहे. जमा झालेल्या पॉइंटांचेही तसेच.

आता सवलतीविषयी. छापील किंमत म्हणजे ज्याच्या वर विकता येत नाही ती कमाल किंमत. ती बाजारभाव नव्हे. हत्यारांच्या धंद्यात छापील किमतीला माल सहसा कोणी घेतच नाही. माझ्यासारखा किरकोळ दुकानदारही ओळखीच्या गवंड्याला, प्लंबरला आणि थोडी घासाघीस करणाऱ्या कोणालाही त्यावर चांगली सूट देतो, कारण आम्हाला वितरकाकडून मिळणारी सूट त्याहून मोठी असते. म्हणून "४० टक्के कमी" हे वाचताना "कशापेक्षा कमी?" असे विचारावे. आपण म्हणता त्याच प्रकारचा, त्याच तोडीचा १२ पान्यांचा संच आज मी १,५६० रुपयांना देतो. म्हणजे मोठ्या दुकानाची सूट ९६० रुपयांची दिसत असली तरी आपला खरा फायदा १२० रुपयांचा आहे. तो घेऊ नये असे मी म्हणत नाही. मात्र तेवढ्यासाठी धावपळ करून नको असलेला संच घरी आणू नये.

कागद-पेन्सिल घेऊन दोन दुकानांत जावे, मालाचे नाव आणि मॉडेलचा क्रमांक लिहून घ्यावा आणि "शेवटचा भाव काय?" असे विचारावे. न घेताच परत निघालात तरी कोणी रागावत नाही. निदान मी तरी रागावत नाही.

जुना फिटर, सातपूर

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ३४ वर्षे फिटर म्हणून काम करून निवृत्त झालो. आपल्या नाशिकची एक गंमत अशी की देशभर ज्यांच्या पकडी आणि पाने ओळखले जातात त्या तपारिया टूल्सचा कारखाना याच सातपुरात, त्र्यंबक रोडला आहे. १९६९ मध्ये स्वीडनमधील एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने या कंपनीने हातहत्यारे बनवायला सुरुवात केली. म्हणजे येथे घडलेली पक्कड गोदामे आणि वितरक यांच्यामार्फत फिरून पुन्हा नाशिकच्याच एखाद्या चकचकीत दुकानात येऊन टांगली जाते आणि आपण तिच्यावरची सूट मोजत बसतो. असो.

संचाविषयी माझे मत स्पष्ट आहे: घरासाठी १२ पान्यांचा संच घेऊ नये. त्यात सहसा ६×७ पासून ३०×३२ पर्यंतचे माप असते (पान्याच्या दोन टोकांची मापे, मिलिमीटरमध्ये). २४×२७ किंवा ३०×३२ चा पाना आपण कोणत्या बोल्टला लावणार आहात? तो पाउचमध्येच पडून राहील आणि दोन पावसाळ्यांत त्यावर गंज चढेल. घरात लागणारी मापे मोजकी असतात. ५ मिलिमीटरच्या बोल्टचे डोके ८ चे, ६ च्या बोल्टचे १० चे, ८ च्या बोल्टचे १३ चे आणि काही वाहनांवर १२ चे, १० च्या बोल्टचे बहुधा १७ किंवा १६ चे, आणि १२ च्या बोल्टचे १९ किंवा १८ चे. तेव्हा ८×९, १०×११, १२×१३, १६×१७ आणि १८×१९ असे पाच पाने सुटे घेतले की सायकल, गॅसची शेगडी, पंखा, पाण्याची मोटर आणि दुचाकीची बरीचशी कामे होतात. जपानी वळणाच्या दुचाकीसाठी १४ लागतो, तो नंतर घ्यावा. पैसे उरले तर १०×११ आणि १२×१३ हे दोन रिंग पानेही घ्यावेत. साधा पाना बोल्टच्या फक्त दोन बाजू धरतो, तर रिंग पाना सहाही कोपरे धरतो. म्हणून गंजून बसलेला बोल्ट साध्या पान्याने सोडवायला गेले की त्याचे कोपरे झिजून तो गोल होतो आणि मग छिन्नीचे काम निघते.

घेताना काय पाहावे, हा आपला खरा प्रश्न आहे. आवरत आलेल्या दुकानात चांगला माल आधी जातो आणि मागे राहिलेल्यात लोकांनी हाताळून ठेवलेला, पाकीट फाटलेला आणि सुटा माल असतो, त्यामुळे प्रत्येक नग हातात घेऊनच पाहावा.

पक्कड मिटवून दिव्याकडे धरावी. तोंडाची टोके एकमेकांना टेकली पाहिजेत आणि तार कापायच्या धारेतून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग ती अर्धवट उघडून दोन्ही दांडे वर-खाली हलवून पाहावेत. सांध्यात खडखड असेल तर ती ठेवून द्यावी. नव्या पकडीचा घट्टपणा तेलाच्या दोन थेंबांनी जातो, पण ढिलेपणा कशानेही जात नाही. दांड्यावरचे प्लास्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण असे पुष्कळ लोक समजतात. ते बहुतेक वेळा फक्त पकडायला मऊ असते. विजेच्या कामासाठीच्या पकडीवर १,००० व्होल्ट आणि आयईसी ६०९०० (अशा हत्यारांचे आंतरराष्ट्रीय मानक) असा शिक्का असतो. तो असला तरी आपण मुख्य स्विच बंद करूनच काम करावे.

पाणसळ तपासण्यासाठी दुसऱ्या पाणसळीची गरज नसते. ती दुकानातील एखाद्या फळीवर ठेवावी, बुडबुडा कोठे थांबतो ते पाहावे, आणि मग त्याच जागी डावे टोक उजवीकडे करून पुन्हा ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला तेवढाच झुकला तर फळी वाकडी आहे. पाणसळीबरोबर त्याने बाजू बदलली तर पाणसळ वाकडी आहे. गुण्याचेही (काटकोन तपासायच्या हत्याराचेही) तसेच: सरळ कडेला लावून एक रेघ मारावी, गुण्या पालटून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी, दोन रेघांमध्ये जेवढी फट पडेल तिच्या निम्मी चूक गुण्यात असते.

मेजर टेपच्या टोकाची पट्टी किंचित हलते म्हणून आमच्या वसाहतीतील एका गृहस्थांनी तीन टेप परत केल्या होत्या. ती मुद्दामच हलती ठेवलेली असते. पट्टीच्या जाडीएवढीच ती सरकते, जेणेकरून वस्तूच्या कडेला अडकवून मोजले काय किंवा भिंतीला टेकवून मोजले काय, माप एकच यावे. ती हलत नसेल तर मात्र शंका घ्यावी.

स्क्रू पाना (जबडा कमी-जास्त करता येणारा पाना) घेताना जबडा दहा-पंधरा मिलिमीटर उघडून बोटाने हलवून पाहावा. थोडी हालचाल सर्वांतच असते, पण जबडा तिरका होत असेल तर तो बोल्ट खाईल. कानस अजिबात गंजलेली घेऊ नये, कारण कानशीच्या दातांवरचा गंज म्हणजे गेलेली धार. पान्यावरचा वरवरचा गंज मात्र रॉकेल आणि घासणीने निघतो, आणि तेवढ्या कारणासाठी दुकानदार आणखी सूट देत असेल तर तो पाना आनंदाने घ्यावा. हातोडीचा दांडा डोक्यात घट्ट बसला आहे की नाही ते पाहावे. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने सरळ जात असाव्यात. त्या आडव्या कापत गेल्या असतील तर दांडा तेथेच मोडतो.

टॉर्क पाना घेऊ नये. एक तर आपल्या यादीतील एकाही कामाला तो लागत नाही, आणि दुसरे म्हणजे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने तो कट्-कट् वाजवून पाहिलेला असतो. कारखान्यात आम्ही तो वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर पुन्हा तपासून घेत असू आणि काम झाले की त्याची स्प्रिंग सैल करून ठेवत असू. मांडणीवर कोणीतरी शेवटच्या आकड्यापर्यंत आवळून ठेवलेल्या टॉर्क पान्याचा आकडा खरा मानता येत नाही.

नवा पाथर्डीकर

दोघांचेही मनापासून आभार. भेटकार्डाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. फिटरकाका, एक शंका आहे: सॉकेटचा संच तेथे सर्वांत स्वस्त वाटतो आणि त्याचे बरेच डबे शिल्लक आहेत. तो सुचवाल का?

जुना फिटर, सातपूर

बरेच डबे का शिल्लक आहेत, ते डबा उघडून पाहा. माझा अंदाज असा की त्यावरील मापे इंचात असतील. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे अर्ध्या इंचाचे सॉकेट १३ च्या बोल्टवर चढतच नाही, आणि १३ चे सॉकेट अर्ध्या इंचाच्या बोल्टवर चढते पण फिरते आणि कोपरे खाते. पाऊण इंच आणि १९ मिलिमीटर हे दोन जवळपास सारखे आहेत, पण तेवढ्या एका सॉकेटसाठी डबा कोण घेणार? मापे मिलिमीटरमध्ये असतील तर रॅचेट (सॉकेट फिरवायचा दांडा) हातात घेऊन अगदी हळू फिरवावे. दात बारीक आणि आवाज एकसारखा असावा, आणि दिशा बदलायची कळ आपोआप मधोमध येऊन थांबता कामा नये. तरीही पहिल्या पेटीत सॉकेट नसले तरी काही अडत नाही, असे मला वाटते.

परतलो नाशिकला

मी ११ वर्षे अमेरिकेत शिकागोच्या परिसरात नोकरी केली आणि आता इंदिरानगरला राहतो. मोठे दुकान हळूहळू खंगत जाताना त्यातील हत्यारांचे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण तेथलेच आहे, म्हणून थोडे लिहितो.

सिअर्स ही तेथली शंभराहून अधिक वर्षांची डिपार्टमेंट स्टोअरची साखळी. टपालाने माल पाठवण्यापासून तिची सुरुवात झाली. १९२७ मध्ये तिने "क्राफ्ट्समन" हे नाव हत्यारांसाठी नोंदवले, आणि पुढे त्या हातहत्यारांना तहहयात हमी दिली. पाना मोडला तर तो दुकानात नेऊन दाखवायचा आणि बदलून नवा घ्यायचा. बिलही मागत नसत. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांचे पाने होते आणि त्यातील एक त्यांनी माझ्यादेखत बदलून आणला होता. पुढे साखळीची घसरण झाली. २०१७ च्या जानेवारीत "क्राफ्ट्समन" हे नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर कंपनीला सुमारे ९० कोटी डॉलरना विकण्याचा करार जाहीर झाला, आणि १५ ऑक्टोबर २०१८ रोजी सिअर्सने दिवाळखोरीपासून संरक्षणासाठी अर्ज केला. हत्याराचे नाव मात्र दुकानाबरोबर बुडाले नाही. २०१८ पासूनच ते लोज या दुसऱ्या साखळीच्या दुकानांत दिसू लागले होते.

यावरून नवा पाथर्डीकर यांच्या यादीतील दोन वस्तूंमध्ये फरक करावा लागतो. कंपनीच्या नावाच्या पकडीची हमी कंपनीकडे राहते, दुकान राहो वा जावो. दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकली जाणारी हातोडी कोणी घडवली हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ते नाव कोणी विकत घेण्याइतके मोठे नसेल तर दुकान बंद होताच तिची हमी संपली. तशी वस्तू घ्यायचीच असेल तर हमीची किंमत शून्य धरून घ्यावी. हातोडीत मोडण्यासारखे फारसे नसते, त्यामुळे ती घ्यायला माझी हरकत नाही.

थांबावे का, याविषयीही सांगतो. तेथे दुकान कायमचे बंद करायचे ठरले की पुष्कळदा माल काढून देण्याचे काम वेगळ्या कंपनीकडे दिले जाते, आणि त्या कंपनीला शेवटच्या नगापर्यंत जास्तीत जास्त पैसे काढायचे असतात. नेहमीच्या आठवडी सवलती बंद होतात, किमती मूळ छापील आकड्यावर परत नेल्या जातात आणि मग तेथून १० टक्के, २० टक्के अशी पायरी-पायरीने उतरण सुरू होते. एका दुकानात मी सहा महिने डोळा ठेवलेला टॉर्क पाना "दुकान बंद होत आहे" अशी मोठी पिवळी पाटी लागल्यावर आधीच्या साध्या सवलतीपेक्षा महाग झालेला पाहिला. लोक मात्र पाटी बघून दोन-दोन घेऊन जात होते. मी थांबलो, आणि सूट ५० टक्क्यांवर आली तेव्हा तेथे फक्त तुटलेल्या पेट्या आणि पाऊण इंचाची अवजड सॉकेटे राहिली होती. त्यामुळे माझा अनुभव असा आहे की उपयोगी आणि लहान माल सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांच्या मध्येच कोठेतरी संपतो. आपल्याला खरोखर हवी असलेली वस्तू बाजारभावापेक्षा थोडी जरी स्वस्त दिसली तरी घेऊन टाकावी. नसली तरी चालेल अशा वस्तूसाठी खुशाल थांबावे.

दिंडोरीची बाग

विषय घरच्या पेटीचा आहे, तरी एक भर घालतो. अशाच एका आवरत्या दुकानातून मी मागे द्राक्षबागेच्या छाटणीच्या सहा कात्र्या निम्म्या किमतीत आणल्या होत्या. दिसायला देखण्या होत्या. ऑक्टोबर छाटणीच्या चौथ्या दिवशी दोन कात्र्यांच्या स्प्रिंगा गेल्या, आणि पिंपळगावापासून नाशिकपर्यंत त्या मापाची स्प्रिंग कोठेही मिळाली नाही. मजुरांची टोळी बागेत उभी आणि मी स्प्रिंग शोधत गावोगाव फिरतोय, असा तो दिवस गेला. कात्री स्वस्त पडली, मजुरी महाग पडली. ज्या हत्याराचे पाते, स्प्रिंग किंवा ब्लेड बदलावे लागते ते घेण्यापूर्वी त्याचा सुटा भाग आपल्या नेहमीच्या दुकानात मिळतो का, एवढे विचारावे. हॅकसॉची फ्रेम १२ इंची ब्लेडची असेल तर चिंता नाही, ते ब्लेड कोठेही मिळते.

बिल दाखवा

मी ग्राहक तक्रारींच्या कामात स्वयंसेवक म्हणून मदत करते. वरील चर्चेत किमतीच्या पाटीविषयी आणि बिलाविषयी काही आलेले नाही, म्हणून लिहिते.

वेष्टनबंद वस्तूंवरील छापील किंमत सर्व करांसह असते. हातहत्यारांवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो त्या छापील किमतीतच धरलेला असतो. "सवलतीचा माल आहे, जीएसटी वेगळा" असे काउंटरवर सांगून बिल छापील कमाल किमतीच्या वर नेता येत नाही. पाटीवर ४० टक्के सूट लिहून नंतर कर वर चढवत असतील तर मुळात सूट ४० टक्के नाहीच. १,४४० वर १८ टक्के चढवले तर १,६९९ रुपये २० पैसे होतात, आणि ते रविवार कारंजा यांच्या भावापेक्षा जास्त आहेत.

स्टिकरकडेही लक्ष द्यावे. वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार किंमत कमी केल्याचे स्टिकर लावता येते, मात्र त्याने उत्पादकाने छापलेली मूळ किंमत झाकली जाता कामा नये. मूळ आकड्यावरच स्टिकर चिकटवलेले दिसले तर ते नखाने उचलून पाहण्यात कसलाही संकोच बाळगू नये. सुटे पाने आणि छिन्न्या यांच्यावर पुष्कळदा किंमतच नसते. अशा वेळी ४० टक्के कशाचे, हे विक्रेत्याला विचारावे आणि त्याच्या उत्तरापेक्षा बाजारातील भाव प्रमाण मानावा.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी तेथे नक्की असेल. मन बदलले म्हणून वस्तू परत करण्याचा हक्क ग्राहकाला नाही, हे खरे आहे. पण वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील तशीच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. व्यवहारात मात्र एक अडचण आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही: तिसाव्या दिवशी दुकानच जागेवर नसेल तर हक्क कोणाकडे बजावणार? म्हणून घरी आल्यावर त्याच आठवड्यात प्रत्येक हत्यार एकदा तरी वापरून पाहावे. आणि अशा दुकानांची बिले गुळगुळीत कागदावर उष्णतेने छापलेली असतात, ती काही महिन्यांत कोरी होतात. कंपनीकडे हमीसाठी बिल लागणार असल्याने त्याची छायाप्रत किंवा छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे.

नवा पाथर्डीकर

काल जाऊन आलो. येथे लिहिल्यापासून बारा दिवस गेले होते आणि पाटी ५० टक्क्यांवर आली होती. १२ पान्यांचे संच संपले होते. त्याचे आता वाईट वाटत नाही.

आठ इंची पक्कड १९५, पाच मीटरची टेप १८०, दोन फुटी पाणसळ ४५०, चार सुटे स्क्रू ड्रायव्हर मिळून ३६०, हॅकसॉची फ्रेम २४० आणि एलन की चा (षटकोनी खाचेच्या बोल्टसाठीच्या किल्ल्यांचा) जोड ११० असे एकूण १,५३५ रुपये झाले. भेटकार्ड पूर्ण वापरले आणि वरचे ३५ रुपये रोख दिले. कार्ड चालवताना काउंटरवरच्या मुलाने वरिष्ठांना दोनदा फोन लावला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. पकडी दिव्याकडे धरून पाहिल्या. टांगलेल्या सातांपैकी दोन नीट मिटत होत्या. पहिल्या दोन पाणसळींचे बुडबुडे बाजू बदलत होते, तिसरी बरोबर निघाली. मी फळीवर पाणसळ उलटसुलट करत असताना मागे एक आजोबा येऊन उभे राहिले आणि त्यांनीही तीच पद्धत वापरून एक घेतली. सॉकेटचे डबे उघडले. काकांचा अंदाज बरोबर होता, सगळी मापे इंचात होती.

पाच सुटे पाने रविवार कारंजा भागात दोन दुकानांत विचारून ६०५ रुपयांना घेतले. म्हणजे ४,००० पैकी रोख फक्त ६४० रुपये गेले. सायकलीचा स्टँड १४ चा निघाला, आणि तो पाना नेमका माझ्याकडे नाही.

एक प्रश्न उरला आहे. दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू नव्या स्क्रू ड्रायव्हरनेही निघत नाही. त्याच्या डोक्यावरची चौकडी झिजत चालली आहे. जोर लावू का?

जुना फिटर, सातपूर

जोर लावू नका, थांबा. आधी स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावरचा क्रमांक पाहा. बिजागरीच्या स्क्रूला बहुधा पीएच २ (चौकडीच्या स्क्रू ड्रायव्हरचे एक माप) लागतो आणि आपण कदाचित पीएच १ लावत असाल, तो खाचेत फिरतो आणि चौकडी खातो. योग्य माप घेऊन स्क्रूच्या खाचेतला रंग सुईने खरवडून काढा, स्क्रू ड्रायव्हर सरळ उभा धरून मागून हातोडीने हलके दोन-तीन ठोके द्या, मग अंगाचे वजन टेकवून आधी अगदी थोडे घट्ट करण्याच्या दिशेने आणि नंतर सोडण्याच्या दिशेने फिरवा. तरीही फिरला नाही तर नव्या हॅकसॉच्या ब्लेडने डोक्यावर आडवी खाच पाडा आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने काढा. त्या बिजागरीचे बाकीचे स्क्रू तोवर सोडू नका, नाहीतर त्या बिजागरीचा सगळा भार त्या एकाच स्क्रूवर येईल.

१४×१५ चा पाना माझ्याकडे जादा आहे. या बाजूला येणे झाले तर घेऊन जा.